जुनी सिस्टीम, पुसायची नाही

नांदेड, १० एप्रिल १९९५

प्रिय रुद्राणी,

जळ आता! मनसोक्त जळ. मी सुरुवातीलाच परवानगी देते.

जुबेर भाईजान हैदराबादहून आले आणि कंप्यूटरची अख्खी नवीन सिस्टीम घेऊन आले. बाजारात अजून आलेलीच नाही, पावसाळ्यात येणार. त्याआधी कंपनी काही लोकांना वापरून बघायला देते, चुका सापडल्या तर सांगा म्हणते. तिला बीटा म्हणतात. अख्ख्या नांदेडात सध्या ती एका मशीनवर आहे, आणि त्या मशीनसमोर कोण बसतं? तुझी सादिया.

आमच्या क्लासच्या अमरनाथ सरांना मी आधी विचारलं. ते म्हणाले, "क्लासचं नाव होत असेल तर घाल." घातली. खुदा कसम, पडदा बघशील तर वेडी होशील. कोपऱ्यात एक बटन असतं, ते दाबलं की सगळं घर उघडल्यासारखं समोर येतं. आणि फाईलला हवं तेवढं लांब नाव देता येतं! आठ अक्षरांत कोंबून कोंबून आपण दोघी पॉलिटेक्निकमध्ये कशा रडायचो, आठवतं? क्लासची पोरं खिडकीतून डोकावून बघतात. पेपर तपासायला आलेले मास्तरसुद्धा खुर्ची ओढून बसले.

भाईजानना त्यांचा संच परत न्यायचा होता, म्हणून मी तो उतरवून घेतला; पण संच मोठा निघाला, कोऱ्या फ्लॉप्या कमी पडल्या. पण मी भागवलं. मराठीचं सॉफ्टवेअर मात्र अजून उघडून बघायचंय, ते उद्या. म्हणून हे पत्र हाताने.

तुझ्या दुकानाचं काय? शेडचे पत्रे तापले असतील.

तुझी,
सादिया

*

लातूर, १८ एप्रिल १९९५

प्रिय सादिया,

जळले. झालं समाधान? पत्र वाचलं आन दुपारचं जेवण गेलं न्हाई. अव्वा विचारते, काय झालं, कोणाचं काही वाईट झालं का? म्हणलं, न्हाई, एकीचं लई चांगलं झालंय.

तुझं हे नेहमीचंच. पॉलिटेक्निकला पहिली तू, दुसरी मी. मी वर्षभर डोळे फोडायचे आन तू परीक्षेच्या आदल्या दिवशी मेहंदी काढत बसायची, तरी पहिली तू. आता तुला हैदराबादचा भाऊ हाय. माझा भाऊ उदगीरला अडतीत बसतो, तो येताना काय आणतो? तुरीची डाळ.

दुकान हाय तसंच. भूकंपात घराची भिंत फाटली तवा अप्पांनी अंगणात पत्र्याचं शेड टाकलं, त्यातच माझं डीटीपीचं, छपाईच्या अक्षरजुळणीचं दुकान. मधी जरा जमीन हालली की अव्वा अजून बी पिशवी उचलते. तुला दाखवली होती ना, दाराच्या खुंटीवरची भूकंपाची पिशवी? रेशन कार्ड, बॅटरी, घोंगडी, अन् बिस्किटाच्या डब्यात माझ्या सिस्टीमच्या फ्लॉप्यांचा जास्तीचा संच. गल्लीतले हसतात, रुद्राणी भूकंपात फ्लॉप्या घेऊन पळणार म्हणून. हसू दे.

आता कामाचं ऐक. विरूपाक्ष सरांच्या क्लासला औंदा गर्दी मावंना. नगर, सोलापूर, कुठून कुठून पोरं येऊन राहिलीत लातूरला शिकायला. जूनच्या बॅचच्या सगळ्या नोट्स नव्यानं छापायच्यात. ते काम मला भेटलं तर दुकान टिकतंय, न्हाई भेटलं तर अप्पा शेडला कुलूप लावणार. निलंग्याचं एक स्थळ त्यांनी बघून ठेवलंय. पोरगा साखर कारखान्यात काट्यावर बसतो, ऊस मोजतो. माणूस वाईट न्हाई, पण मला ऊस मोजणाऱ्याच्या घरी भाकरी थापायच्या न्हाईत.

अन् गल्लीच्या तोंडाला दुसरा डीटीपीवाला पंचाक्षरी, त्यानं नवं कोरं मशीन आणलंय. सर तिथं जाऊन बसतात, चहा पितात. म्हणून म्हणते, ती बीटा मला धाड. नांदेडात एक अन् लातुरात एक. मग बघते पंचाक्षरीकडं.

तुझीच, जळून कोळसा झालेली,
रुद्राणी

*

नांदेड, २ मे १९९५

प्रिय रुद्राणी,

उत्तराला उशीर झाला. परीक्षा झाल्या तरी आमच्याकडे उन्हाळी बॅच असते, मान वर करायला वेळ नाही.

सिस्टीम छान चालली आहे. काय सांगू, बोट लावलं की काम. सर खूश आहेत.

पण तू जरा सब्र कर. तुझं मशीन जुनं, त्याची ताकद किती ते तुला माहीत आहे. ही सिस्टीम जड आहे, त्याला झेपणार नाही. पावसाळ्यात खरी आवृत्ती येईल, तेव्हा नीट विकत घे आणि घाल. तुला घाई कशाची? तुझं दुकान तुझं आहे, पाटीवर तुझं नाव आहे. तुला कोण उठवणार तिथून? मी काय, सरांच्या टेबलावर बसलेली बाई.

सदफचं, माझ्या चुलत बहिणीचं, लग्न ठरलं. अम्मी आता माझ्याकडे बघून उसासे टाकते.

सादिया

*

लातूर, ९ मे १९९५

सादिया,

वाचलं. दोनदा वाचलं, म्हणलं आपलंच काही चुकून राहिलं का. न्हाई. तू मला न्हाईच म्हणून राहिलीस, फक्त गोड बोलून.

"तुझं मशीन जुनं." हाव, जुनं हाय. माझ्या बांगड्या मोडून घेतलंय, भावानं हैदराबादहून आणून दिलं न्हाई. अन् "झेपणार नाही" म्हणायला तू काय डॉक्टर हायस मशीनची? सरळ म्हण ना, मला एकटीलाच मिरवायचंय. नांदेडात एक हाय म्हणून लिहिलंस तवाच मला कळायला पायजे होतं. दोन झाल्या की तुझी किंमत कमी होती.

आन अजून एक. आधी तू मला पत्र छापून धाडायचीस, दर बारीला नवीन टाइपात. मी ती जपून ठेवलीत. आता नवीन सिस्टीम आली अन् मला दोन्ही पत्रं बॉलपेनानं? तेवढी शाई बी महाग झाली का माझ्यावर?

मी तुला सगळं उघडं सांगितलं. निलंग्याचं सांगितलं. काल सर येऊन गेले. म्हणले, "रुद्राणी, पंचाक्षरी म्हणतो त्याच्याकडं नवीन सिस्टीम येऊन राहिली. तुझ्याकडं कधी?" मी तोंड वर करून सांगितलं, माझी मैत्रीण नांदेडहून धाडणार हाय, महिनाअखेर बघायला या. आता माझं तोंड कुठं लपवू ते बी तूच सांग.

द्यायचं नसेल तर न्हाई म्हण. पण माझं भलं चिंतल्यासारखं दाखवू नको. त्याचा राग जास्त येतो.

रुद्राणी

*

नांदेड, १७ मे १९९५

रुद्राणी,

घे तुझी बीटा. पूर्ण संच एसटीच्या पार्सलने पाठवला आहे. क्रमाने घालत जा, मधे काही विचारलं तर हो म्हण.

घाल आणि मिरव. मग कळव कसं वाटतं ते.

सादिया

*

तार. नांदेड, २० मे १९९५

फ्लॉपी घालू नको. मागून पत्र. सादिया.

*

लातूर, २१ मे १९९५

सादिया,

प्रिय लिहायला हात उचलंना, म्हणून नुसतं सादिया.

पार्सल काल सकाळी आलं. मी स्टँडवरून नाचत आले म्हणलं तरी चालंल. शेडात पंखा लावला, मशीन पुसलं, उदबत्ती लावली. हसू नको. पहिली फ्लॉपी आत सरकवणार, तर तिच्यावरचा कागद माझ्या अंगठ्यालाच चिकटून आला. मे महिना, वर पत्रा, डिंक कुठं टिकतो? खाली दुसरा कागद निघाला. त्यावर तुझं अक्षर. मोठ्या मोठ्या अक्षरात, लाल पेनानं: "जुनी सिस्टीम. पुसायची नाही."

मी फ्लॉपी हातात धरून उभी. मग दुसरी घेतली, नखानं खरवडली. तिच्याखाली बी तेच. तिसरी, चौथी, तेच. बाकीच्यांखाली काही न्हाई, त्या नव्या आणलेल्या होत्या.

तर असं भागवलंस तू! कोऱ्या कमी पडल्या म्हणून जुन्या सिस्टीमच्याच फ्लॉप्या पुसून त्यावर बीटा उतरवलीस, परतीच्या वाटेवरच नवीन घर बांधलंस. पहिली आलेली पोरगी! आपल्याला मास्तर काय सांगायचे? जुनं पुसायच्या आधी दोनदा विचार करा. मी दुसरी आले, पण मला ते कळलं होतं.

मला त्या क्षणी काय वाटलं, खरं सांगते. आनंद झाला. लई आनंद झाला. चुकली, एकदाची चुकली, म्हणून मी शेडात एकटीच हसले. मग एकेक जुळत गेलं. बॉलपेनाची पत्रं. "सिस्टीम छान चालली आहे" अन् त्याच्यापुढं एक बी गोष्ट न्हाई. तू, जी एक बटन दिसलं की चार पानं लिहिते!

मग हसू गेलं. म्हणजे तुला ठाऊक होतं, काहीतरी बिघडलंय. ठाऊक असून तू मला धाडलीस. "मिरव" म्हणून लिहिलंस. माझ्या निलंग्याचं ठाऊक असून.

संध्याकाळी तार आली. अव्वा तार बघूनच रडायला लागली, कोण गेलं म्हणून. ती तार आली म्हणूनच हे पत्र लिहून राहिले, न्हाईतर आपलं संपलं होतं.

आता सरळ सांग. मराठी उघडतं का न्हाई? तुझं काय चाललंय तिथं? यावेळी गोड लिहू नको.

रुद्राणी

*

नांदेड, २४ मे १९९५

रुद्राणी,

नाही उघडत. दुसऱ्याच दिवशी कळलं. मराठीच्या सॉफ्टवेअरचं ते कुलूप, जे मशीनच्या मागे लावतो ना, ते नव्या सिस्टीमला दिसतच नाही. पडद्यावर नुसते चौकोन. भाईजानना फोन लावला, ते म्हणाले जुनी परत घाल. जुनी कुठून घालू? ती मीच पुसलेली. त्यांच्याकडेही जुना संच नाही. ते जुलैत येणार.

सरांना सांगितलं, व्हायरस आहे. दीड महिना दहावीचे सगळे मराठी पेपर मी स्टेन्सिलवर हाताने लिहिते आहे. बोटाला घट्टे पडलेत. पोरं विचारतात, मॅडम, नवीन कंप्यूटर शोभेला ठेवलाय का? सरांनी आता परभणीचा एक ऑपरेटर बघितला आहे. एक जूनपर्यंत मशीन मराठी बोललं नाही तर तो येणार आणि मी घरी. अब्बांनी मला ही नोकरी किती मुश्किलीने करू दिली ते तुला माहीत आहे. एकदा घरी बसले की पुन्हा उंबऱ्याबाहेर येणं नाही.

तुला खरं का नाही सांगितलं? कारण तू मला जन्मभर पहिली समजत आलीस. तेवढंच एक माझ्याकडे होतं. तुझ्याकडे दुकान आहे, रुद्राणी. पत्र्याचं असेल, पण पाटी आहे आणि पाटीवर तुझं नाव आहे. मी दर पत्रात "तुझं दुकान" असं लिहिते, तेव्हा त्या पाटीवर माझं नाव लावून बघते, ते तुला कधी कळलंच नाही. तुला वाटतं तू एकटीच जळतेस.

दोन मेला मी तुला अडवायला लिहिलं होतं, पण शहाणपणा मिरवत लिहिलं. मग तुझं ते पत्र आलं. माझं एकटीचंच बंद का? तिचंही बंद पडू दे. असं म्हणून पार्सल बांधलं. अगदी असंच म्हणून. तीन दिवस झोप लागली नाही, मग तार ऑफिसात पळत गेले.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुन्हा खोटं होईल. इंग्रजी उत्तम चालतं. तुझ्या सरांच्या अकरावी-बारावीच्या नोट्स इंग्रजीतच आहेत ना? मग तू बीटा घालू शकतेस. पंचाक्षरीच्या आधी तुझ्याकडे येईल. दहावीची मराठी तेवढी बंद पडेल, पण तुझ्याकडे पिशवीत जुना संच आहे, वाटलं तर परत फिरशील. तुझ्या मशीनवर सावकाश चालेल, पण चालेल. घाल. मी मनापासून सांगते आहे.

मी तुझ्याकडे काही मागत नाही. मागायला तोंड राहिलेलं नाही.

सादिया

*

लातूर, २७ मे १९९५

सादिये,

हे पत्र अन् डबा, दोन्ही नांदेडच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देऊन राहिले. शिवप्पा नाव, अप्पांच्या ओळखीचा. टपालावर भरवसा ठेवायला आता वेळ न्हाई.

डब्यात तुझ्याच चार फ्लॉप्या हायत. त्यावर मी काही चिकटवलं न्हाई, तुझे लाल अक्षराचे कागद तसेच ठेवलेत. फक्त आता त्यावर लिहिलंय तेच आत हाय. भूकंपाच्या पिशवीतला संच काढला अन् तुझ्या बीटावर जुनी सिस्टीम उतरवली. मशीननं दर बारीला विचारलं, यातलं आधीचं सगळं जाईल, करायचं का? मी हो दाबलं. चारदा दाबलं. आता ती बीटा लुळी झाली, नांदेडात न्हाई अन् लातुरात बी न्हाई.

तू म्हणशील, येडे, कोऱ्या फ्लॉप्या आणायच्या ना, बीटा बी राहिली असती. हाव, गांधी चौकात भेटतात कोऱ्या. मी दुकानापर्यंत गेले बी होते, तिथून परत फिरले. ती बीटा घरात राहिली असती तर मी ती घातलीच असती. मी मला ओळखते. तुझं पत्र वाचल्यावर पहिला विचार तुझा आला न्हाई, इंग्रजीच्या नोट्सचा आला. बारावीच्या नोट्स! पंचाक्षरीचं तोंड कसं होईल ते बी डोळ्यासमोर आलं. मग तुझ्याकडं जुना संच धाडायचा आज न्हाई उद्या, उद्या न्हाई परवा, असं करता करता एक जून गेला असता, अन् मी म्हणाले असते, अगं बाई, टपालानं उशीर केला. आपण दोघी एकाच मातीच्या हाव.

म्हणून पुसली. पुसताना जीव जळाला, खोटं कशाला बोलू? चौथीला तर डोळ्यात पाणी आलं. तुझ्यासाठी न्हाई, बीटासाठी.

काल सर आले होते. "कुठाय नवीन सिस्टीम?" मी सांगितलं, आली होती, परत गेली. म्हणले, मग मी कुठं जाऊ? म्हणलं, नव्या सिस्टीमवर मराठी उघडत न्हाई, दहावीचं मराठी कुठं छापणार ते आधी बघा. ते उठले. चहा बी न पिता गेले. अप्पा दारातून ऐकत होते. संध्याकाळी निलंग्याला फोन लावतो म्हणले.

क्रमाने घाल. मधी काही विचारलं तर नीट वाचून मग हो म्हण. अन् उतरल्यावर कोऱ्या चार आण, दुसरा संच कर, अन् एक पिशवी शिव. तुमच्याकडं भूकंप झाला न्हाई म्हणून तुम्हाला शहाणपण आलं न्हाई.

रुद्राणी

*

नांदेड, ४ जून १९९५

प्रिय रुद्राणी,

बघ. छापील आहे.

शिवप्पा कंडक्टर स्टँडवर डबा हातात देऊन म्हणाले, "पोरीनं सांगितलंय, उन्हात धरायचा न्हाई. सगळा रस्ता मांडीवर आणलाय." मी तिथेच रडले. त्यांना वाटलं डब्यात काही वाईट बातमी आहे.

एकतीसच्या दुपारी मशीन मराठी बोललं. परभणीचा ऑपरेटर दुसऱ्या दिवशी सकाळी आला, सरांनी त्याला चहा पाजला आणि गाडीभाडं देऊन परत पाठवलं. मग मी सरांना खरं सांगितलं, व्हायरस नव्हता म्हणून. ते बराच वेळ रागावले. पण मी टेबलावर आहे.

पडदा पुन्हा जुना, करडा, कोपऱ्यात बटन नाही. फाईलचं नाव पुन्हा आठच अक्षरांत. सरांचं काम सुरू करायच्या आधी मी हे पत्र उघडलं आणि त्याला तुझं नाव दिलं. इंग्रजीत सात अक्षरं होतात. बसलं.

पिशवी शिवली आहे. अम्मी विचारते, ही कशाची? मी सांगितलं, लातूरची आहे.

तुझं काय झालं ते लगेच लिही. निलंग्याचं आधी लिही.

तुझीच,
सादिया

*

पोस्टकार्ड. लातूर, ११ जून १९९५

प्रिय सादिया,

अकरावी-बारावीच्या इंग्रजी नोट्स पंचाक्षरीकडं गेल्या. जाऊ दे म्हणत न्हाई, लई वाईट वाटतंय. रोज त्याच्या दुकानावरून जाताना मी मान तिकडं करते अन् परत घरी येऊन चिडते. पण त्याच्या नव्या सिस्टीमवर बी मराठीचे चौकोनच निघाले, म्हणून दहावीचं मराठी सगळं माझ्याकडं आलं. सर गठ्ठा स्वतः घेऊन आले, यावेळी चहा बी पिले. अप्पांनी गठ्ठा उचलून बघितला अन् म्हणले, निलंग्याचं दिवाळीनंतर बघू. शेड उघडं हाय. पाटी हाय.

तुझं छापील पत्र भिंतीला लावलं होतं, मग उतरवलं. अक्षर माझ्यापेक्षा काळं अन् सुबक आलंय. दिवसभर डोळ्यात खुपायला लागलं. प्रिंटरला रिबन कुठली वापरतेस? खरं सांग.

रुद्राणी